तिसऱ्या मजल्यावरची चिंच

भाईदास मास्तर रोज सकाळी सात वाजता गॅलरीत जायचे आणि पाण्याचा आकडा मोठ्याने वाचायचे. “दोनशे दहा.” कुणाला ऐकवत होते, देव जाणे. जळगावच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते आणि मंजुळाबाई, दोघंच तर राहत होते.

धुळ्याच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं टर्नरचा, म्हणजे लेथवरच्या कामाचा, ट्रेड शिकवलेला हा माणूस. कामात केसाएवढा फरक पडला तरी पोराच्या पाठीत धपाटा बसायचा. निवृत्त झाले, हातातलं मायक्रोमीटर सुटलं, तर आता पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र आलं. ते भांड्यात बुडवायचं आणि आकडा दोनशेच्या आसपास असला तरच ते पाणी झाडाला घालायचं. बरं, एवढ्यावर भागेल तर ते मास्तर कसले! कुंडीच्या तळातून निथळलेलं पाणी वाटीत धरून तेही मोजायचे. ते दुसरं मोजमाप चालू झालं की स्वयंपाकघरात मंजुळाबाईंचा हात थांबायचा. आकडा ऐकू येईपर्यंत त्यांना चहाचा घोटसुद्धा गिळवत नसे.

झाड म्हणाल तर वीतभर, बोन्साय. चिंचेचं तीन वर्षांचं रोप, अंगठ्याएवढं खोड, उथळ कुंडी, फांद्यांना वळण लावायला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार. दिवस मावळला की चिंचेची पानं मिटतात, तशी ती मिटली की मास्तर म्हणायचे, “झोपली पोरगी.” बायकोशी दिवसातून चार वाक्यं बोलत नसतील, पण त्या काडीशी काय गुलूगुलू चालायचं! मंजुळाबाईंना त्याचा राग यायचा, आणि त्या रागाच्या पोटात भीती असायची. आधीची चिंच कशानं मेली, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना एकटीलाच ठाऊक आहे असं त्या समजून होत्या.

आधीची चिंच तीस वर्षांची. वर्कशॉपच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप मास्तरांनी उपटून घरी आणलं तेव्हा त्यांचा ललित पहिलीत होता. पुढे ललितचं शिक्षण झालं, नोकरी झाली, लग्न झालं, पण झाड हातभराच्या वर गेलं नाही. खोड मात्र असं जून, सुरकुतलेलं, की पाहणाऱ्याने आपोआप हात जोडावेत. एका वर्षी तिला बोटाच्या पेराएवढ्या तीन चिंचा लागल्या. मास्तरांचा धाकटा भाऊ झुलाल पारोळ्याहून आला होता, त्याने त्यातली एक तोडून तोंडात टाकली. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारा, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. “दादा, आंबट शे रे!” म्हणाला. दादा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच पारोळ्याला फोन केला. भावाभावांचं ते असं होतं.

धुळ्याचं घर सुटलं ते ललितमुळे. त्याने जळगावला नोकरी असताना फ्लॅट घेतला आणि वर्षभरात त्याची पुण्याला बदली झाली. फ्लॅट रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून म्हातारा-म्हातारी इकडे आली. लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, दवाखाना जवळ आहे. माती तेवढी नाही. खाली आवारभर पेव्हर ब्लॉक बसवलेले. सुरुवातीला मंजुळाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. श्रावण आला तेव्हा वाटलं.

कानबाई ही खानदेशाची आई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते, सोमवारी वाजतगाजत जाते. तिचे रोट असतात. म्हणजे काय, तर कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, धुतलेल्या चक्कीवर दळून आणायचे, त्याच्या पुरणपोळ्या, खीर, जोडीला आमटी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी करायची. ते खायचं फक्त भाऊबंदांनी. परक्याच्या तोंडी जायला नको, कुत्र्यामांजराला जायला नको. इतकंच काय, जेवलेली ताटं धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत ओतायचं नाही. घरोघरची रीत थोडी वेगळी असते, पण मास्तरांच्या आईची रीत ही अशी होती, आणि रीतीच्या बाबतीत ती म्हातारी म्हणजे फौजदार. धुळ्याच्या घरामागे त्यासाठी खड्डा असायचा. उष्टं, खरकटं, ताटांचं पाणी, बठ्ठं त्या खड्ड्यात, वरून माती.

आता तिसऱ्या मजल्यावर खड्डा कुठून आणायचा? मंजुळाबाई एक दिवस नुसत्या बादलीकडे बघत बसल्या. मास्तरांना विचारावं तर ते म्हणाले असते, ओत मोरीत, काही होत नाही. आणि मग कुणाला ताप आला, कुणी पडलं-झडलं, तर जन्मभराचा किडा डोक्यात. घरात माती होती ती एका कुंडीत. दुपारी मास्तर आडवे झाले की त्या गॅलरीत जायच्या. देवीचं पाणी, त्याने झाडाला काय बाधणार, उलट भलंच होईल. रोट संपेपर्यंत तीन दिवस त्यांनी आमटीचं, भाजीचं, खिरीचं पाणी त्या उथळ कुंडीत हात जोडून ओतलं. शेवटची पोळी दोघांना संपेना, तिचा उरलेला तुकडा चमच्याने मातीत दाबला. मग त्या हलक्या पावलांनी आत आल्या. कुणाला न सांगता एक काम निभावलं, याचं त्यांना बरं वाटलं होतं.

पाचव्या दिवशी दोघं पुण्याला गेली, नातवाच्या जावळाला. झुलालचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच जळगावला झालं होतं, रोज डोळा दाखवायला जायचं होतं, म्हणून तो आठ दिवस फ्लॅटवर राहिला. मास्तरांनी बजावलं, “नळाचंच पाणी घाल. बोअरचं घातलंस तर याद राख.” आठ दिवसांनी परत आले तर पानांच्या कडा जळालेल्या, कुंडीच्या काठावर पांढरा थर. पंधरा दिवसांत झाडाचा खराटा झाला.

मास्तरांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी उपडी केली. मुळं काळी पडलेली. आंबूस वास आला. मास्तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि तेवढ्यात मंजुळाबाईंना त्या मातीत दिसला पोळीचा तुकडा. हिरवट बुरशीने केसाळ झालेला.  मास्तरांनी चष्मा परत घालायच्या आत त्यांनी तो तुकडा उचलला आणि मुठीत दाबून धरला.

मास्तरांनी तिथूनच, त्या मातीशेजारी बसूनच, झुलालला फोन लावला. हात मातीने भरलेले म्हणून स्पीकरवर. “काय केलंस तू झाडाचं?” झुलाल शपथा घेत होता, दादा, दोन टाइम पानी टाकं, नळनंच टाकं. मास्तरांचा आवाज चढत गेला. तीस वर्षांचं झाड गेलं होतं, माणूस भानावर नव्हता. आणि मग ते बोलले. “तुझ्याच्याने एक झाड जगवलं जात नाही. म्हणूनच देवानं तुम्हा दोघांच्या पदरात एक पोर टाकलं नाही!”

 मंजुळाबाई मूठ आवळून उभ्या होत्या. एक शब्द, नुसतं “अहो, थांबा” एवढं जरी तोंडातून निघालं असतं! पण मूठ उघडावी लागली असती. फोन पलीकडून ठेवला गेला.

महिनाभराने मास्तर नर्सरीत गेले. नर्सरीवाल्या योगेंद्रने फोटो पाहिला आणि सांगितलं, “काका, हे मिठानं गेलं. खारं पाणी प्यायलंय झाड.” झालं! म्हणजे बोअरचं पाणी. म्हणजे झुलालने आळस केला आणि वर खोट्या शपथा घेतल्या. मास्तरांच्या मनाला ते हिशेबात बसणाऱ्या सुट्या भागासारखं फिट्ट बसलं. त्यांनी तिथूनच ही नवी चिंच आणली, येता येता क्षार मोजायचं यंत्र घेतलं, आणि पारोळ्याचं नाव घरात बंद झालं.

या झाडाचा जीव तरी केवढा! मास्तरांनी त्याला जगवायचा विडाच उचलला. विटेचे तुकडे कुटून, चाळून त्याची माती केली. मार्चपासून गॅलरीला हिरवी जाळी. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळून दर दोन तासांनी ते भिजवत बसायचे. स्वतः जेवायचे नाहीत वेळेवर. शर्ट अंगावर लोंबायला लागला. ललितने पुण्याला बोलावलं तर म्हणाले, “हिला कोण बघेल?” मंजुळाबाई म्हणाल्या, “मी थांबते की.” मास्तरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “कुणाचाच भरवसा नाही मला आता,” ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांच्या मनात झुलालच होता. पण मंजुळाबाईंना तो दिवसभर आपल्यालाच दिलेला टोला वाटत राहिला.

आषाढात एक दिवस नऊ वाजून गेले तरी चिंचेची पानं उघडेनात. मास्तरांनी कुंडी उचलून उजेडात धरली, मातीत बोट घातलं, वास घेतला. मग आत आले. “कुणी हात लावला?”

“कोण लावणार? आहे कोण घरात?”

“तेच म्हणतोय. कोण आहे घरात?”

दुपारपर्यंत बहुतेक पानं उघडली. एक फांदी उघडली नाही. आठवड्याने ती वाळली, मास्तरांनी कात्रीने छाटून टाकली. मंजुळाबाईंनी हात लावला नव्हता, देवीशप्पथ नव्हता. तरी आपण बोललो नाही तर हे झाडही जाणार आणि झाडावर थांबणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि त्याच संध्याकाळी ललितचा फोन आला. “आई, झुलालकाकांच्या किडन्या गेल्यात म्हणे. आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिसला नेतात. बाबांना सांग.” मंजुळाबाईंनी सांगितलं. मास्तर गॅलरीत तार गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले. “मला काय करायचंय,” म्हणाले. तार मात्र हातातून सुटून खाली पडली.

मग श्रावण लागला. शनिवारी सकाळी गहू मोजायला दोघं पाटावर बसली. मंजुळाबाईंनी परात पुढे घेतली. भाईदासच्या नावाने सव्वा मूठ. ललितच्या नावाने सव्वा मूठ. नातवाच्या नावाने सव्वा मूठ. चौथ्यांदा गव्हात हात घातला तसे मास्तर म्हणाले, “त्याचं धरू नको.”

हात गव्हातच राहिला. माप कधी थांबतं? माणूस गेला की थांबतं. सासऱ्यांचं थांबलं, तेव्हा सासूबाईंनी परातीत आसवं गाळली होती. जित्याजागत्या माणसाचं माप थांबवल्याचं मंजुळाबाईंनी बापजन्मात ऐकलं नव्हतं. आणि तो बिचारा आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेत पडलेला.

“अहो, जिवंत आहे तो.”

“माझ्यापुरता नाही.”

“असं बोलू नका हो! कानबाईच्या गव्हासमोर असं बोलू नका!”

“खोटारड्याचं माप मी धरणार नाही.”

मंजुळाबाईंचा बांध फुटला. “खोटारडी मी आहे. झाड मी मारलं.”

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. वर्कशॉपमध्ये काम बिघडवलेल्या पोराला विचारावं तसं एकेक विचारत गेले. काय ओतलं? किती दिवस? आमटीचं पाणी पण? मातीत काही पुरलं होतं? मंजुळाबाई रडत रडत सांगत होत्या. शेवटी मास्तर म्हणाले, “मी कुंडी उपडी केली तेव्हा मला तुकडा दिसला नाही.”

“मी मुठीत लपवला.”

“माझ्यासमोर?”

“तुम्ही डोळे पुसत होते.”

मास्तरांनी परात स्वतःकडे ओढली. मग त्यांनी हात गव्हात घातला आणि झुलालच्या नावाने सव्वा मूठ स्वतः मोजली. उठले, सदरा घातला. “चल,” म्हणाले. कुठे, ते विचारायची गरज नव्हती.

एसटीत दोघं शेजारी बसली होती, पण मास्तर खिडकीकडे तोंड करून. एरंडोल गेलं. त्यांचे ओठ मात्र हलत होते. मंजुळाबाईंनी कान देऊन ऐकलं. “झाड तू नाही मारलंस,” एवढंच ते पुन्हा पुन्हा घोकत होते. पोचेपर्यंत तो असेल ना, हा एकच विचार मंजुळाबाईंच्या डोक्यात घोळत होता. पारोळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांना आठवलं, आज यांनी चिंचेला पाणीच घातलं नाही. त्या बोलल्या नाहीत.

झुलालच्या दुकानाचं शटर खाली होतं. मागच्या दाराने गेले. दार नूतनने उघडलं, झुलालच्या बायकोने. ती अंगणवाडीत शिकवायची, वीस वर्षं लोकांची पोरं सांभाळलेली बाई, बोलणं स्वच्छ. “या,” म्हणाली आणि बाजूला झाली.

झुलाल खाटेवर पडला होता. चेहरा सुजलेला, दंडाला पट्टी. दादाला पाहून उठायला गेला. मास्तरांनी त्याला खांद्याला धरून निजवलं आणि तसेच खाटेवर बसले. वाटेत घोकलेलं वाक्य त्यांनी म्हटलं. “झुलाल, झाड तू नाही मारलंस.”

“माले माहीत शे, दादा.”

“काय माहीत आहे?”

झुलालने मंजुळाबाईंकडे पाहिलं, मग छताकडे. “पहिल्याच दिवशी पानी टाकं तवय माटीमा रोटना तुकडा दिसना. मी समजी गयू. मीठ धवाई जाईन म्हनीसन दोन टाइम भरभरीसन पानी टाकं. पन ते भिनी गयं व्हतं.”

“मग बोलला का नाहीस, मूर्खा?” मास्तरांचा आवाज फाटला. “एवढं मी तुला...”

“वहिनीनं नाव कसं लेऊ मी?” झुलाल म्हणाला. “तुन्हा राग तर आख्खं गाव जानस. मना काय, मी भाऊ शे, सोसी लिसू.” आणि तो हसला, तसाच, पूर्वीसारखा. मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मंजुळाबाईही पदर लावून रडल्या. छातीवरचा दगड उतरला असं त्यांना वाटलं. देवीने वेळेवर आणून सोडलं, उद्या रोटाला दोघांना घेऊनच जायचं, रिक्षा करू, लागली तर गाडी करू, असं मनात धरून त्या नूतनकडे वळल्या.

नूतन चहा घेऊन उभी होती. तिने कपबशा स्टुलावर ठेवल्या.

“उद्या रोटाला चला गं दोघं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “माप धरलंय भावजींचं. ह्यांनी स्वतःच्या हातानं धरलंय.”

“हे येतील. त्यांच्या भावाचं घर आहे,” नूतन म्हणाली. मग मास्तरांकडे पाहून शांतपणे बोलली, “भाऊ, झाडाचं आम्ही कधीच मनावर घेतलं नाही. त्या दिवशी तुम्ही दुसरं जे बोललात ना, तेव्हा मी ह्यांच्या शेजारीच होते.”

मास्तरांनी मान खाली घातली. नूतनने ती वर येईपर्यंत वाट पाहिली नाही. ती मंजुळाबाईंकडे वळली.

“अक्का, तो फोन चालू होता तेव्हा तुम्ही तिथंच होत्या?”

“होते.”

“आणि झाड कशानं गेलं, ते तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?”

मंजुळाबाईंनी एकदा झुलालकडे पाहिलं. तो डोळे मिटून पडला होता. आता तो काही मदतीला येणार नव्हता.

“होतं गं,” त्या म्हणाल्या.

नूतनने न प्यायलेल्या कपबशा उचलल्या. “निवला चहा. दुसरा ठेवते,” म्हणाली आणि आत गेली. तिघंही बसून राहिली. खूप वेळ झाला, आतून गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.